हवालदाराचा उंट

लढाई संपली आणि लालासाहेब हवालदार पलटणीतून नाव कापून घेऊन लोणंदच्या स्टेशनावर उतरला. ट्रंकेत एक ब्लँकेट होतं, बायको मनुबाईसाठी लुगडं होतं आणि अंजनासाठी पुण्यात घेतलेलं चित्रांच्या गोष्टींचं पुस्तक होतं. तो गेला तेव्हा पोरगी तीन महिन्यांची होती, आता दुसरीत होती. तिने त्याला पायांपासून फेट्यापर्यंत न्याहाळलं आणि आईला विचारलं, "हे हवालदार किती दिस ऱ्हाणार हायती?"

सहा वर्षांच्या लढाईत त्याला असा मार बसला नव्हता.

गाव त्याला हवालदार म्हणायचं, म्हणून तीही तेच म्हणायची. एकदा तरी तिने 'आबा' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मनुबाईने दटावून पाहिलं, पण दटावून म्हणवलेलं त्याला नको होतं. पोरगी आपण होऊन जवळ यावी म्हणून त्याने पुस्तक बाहेर काढलं आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की ओट्यावर वाचन सुरू केलं. आळीतली झाडून सारी पोरं जमायला लागली.

यात एकच अडचण होती. हवालदाराला मराठी वाचता येत नव्हतं.

लहानपण गुरांमागे गेलेलं. पलटणीत अक्षरं शिकवली, पण ती इंग्रजी, त्याच अक्षरांत हिंदुस्थानी बोली लिहायची. त्याची परीक्षासुद्धा तो पास झाला होता. मराठी अक्षरं मात्र त्याला आणि त्याच्या बैलाला सारखीच. पण मनुबाईने विहिरीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मालक पलटणीत शिकून आले. ते खोडून काढायची छाती त्याला झाली नाही. त्याने चित्रं बघायची आणि द्यायचं दडपून.

बरं, दडपायचा तरी किती! तळ्याकाठी उभ्या उंटाचं साधं चित्र. हवालदाराने त्या उंटाला थेट मिसर देशाच्या वाळवंटात नेलं, पाठीवर पलटणीच्या पाण्याचे डबे लादले आणि वाळूच्या वादळात हरवून टाकलं. पोरं श्वास धरून ऐकत. गोष्ट संपली की तो पाठ ताठ करून म्हणायचा, "तात्पर्य!" आणि ते पलटणीतलंच असायचं. पाण्याची बाटली भरल्याशिवाय पाऊल उचलू नये. बूट झाडून घालावेत, आत विंचू असतो. पोरांच्या सात पिढ्यांत कुणी बूट घातले नव्हते, तरी ती ते घोकून पाठ करत. काहीच सुचलं नाही की मग ठरलेलं, नेहमी खरं बोलावं.

अंजना आधी दाराआडून ऐकायची. मग उंबऱ्यावर आली, मग ओट्यावर. उंटाची गोष्ट पोरांनी तिसऱ्यांदा मागितली त्या शनिवारी ती बापाच्या मांडीला टेकून बसली. हवालदाराचा ऊर भरून आला आणि त्याच क्षणी घामही फुटला, कारण पोरीचं बोट ओळींवरून सरकत होतं. ते मध्येच थांबलं. तिने पानाकडे पाहिलं, मग वर त्याच्या तोंडाकडे. तो उंट हाकत राहिला, दुसरं करणार काय?

गोष्ट संपली, तशी बशीर तांबोळ्याची जरिना उठली. ती अजून बाराखडीत होती, पण जीभ पुढच्या इयत्तेतली. डबे कुठे लिहिलेत ते दाखवा म्हणून ती अडून बसली.

अंजनाने पुस्तक ओढून घेतलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ठणठणीत आवाजात वाचलं, "उंटाच्या पाठीवर पाण्याचे आठ डबे होते." जरिना गप बसली. पोरं पांगली.

तो सबंध दिवस हवालदाराला भाकर गोड लागली नाही. संध्याकाळी गोठ्यात त्याने पोरीला हळूच विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"पुस्तकातला उंट नुसता पानी पितोय न् घरला जातोय," ती म्हणाली. "तुमचा बरा हाय."

तिने चूक झाकली याचं त्याला लय बरं वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. आपल्यापायी पोरगी खोटं बोलायला शिकली.

पुढच्या शनिवारी तो ओट्यावर बसला नाही. खाली, पोरांच्यात मांडी घालून बसला. म्हणाला, "पोरांनू, मला मराठी वाचाय येत न्हाई. इतके दिस मनचंच सांगत हुतो. आजपास्नं अंजना वाचंल."

पोरं हबकली. जरिनाने विचारलं, मग तात्पर्यंही मनचीच का? हवालदाराने होय म्हणून मान हलवली. बूट झाडायचे नाहीत म्हटल्यावर पोरांनी सुटकेचा श्वास टाकला, पण उंट मात्र मिसरातलाच ठेवायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

अंजना ओट्यावर चढली. पुस्तक मांडीवर घेऊन एकेक अक्षर लावत तिने नवी गोष्ट वाचली. संपल्यावर पुस्तक मिटलं, बापासारखीच पाठ ताठ केली आणि खाली बघून म्हणाली, "आबा, आता तात्पर्य सांगा."

पोरं वाट बघत राहिली. हवालदार फेट्याच्या शेवाने डोळे पुसत होता, आणि त्याला एकही तात्पर्य आठवत नव्हतं.