सहकार्य कक्षाचा हातभार

"स्मिता, एक लक्षात ठेव," नंदकुमार सर टायची गाठ आवळत म्हणाले, "दोन विद्यापीठं जोडायची म्हणजे सोयरीक जुळवायची. आणि माझ्या हातून आजवर एकही सोयरीक मोडलेली नाही. आज बघ तू. सुईसुद्धा इकडची तिकडे होणार नाही."

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलला. पलीकडे तळोज्याच्या कुठल्याशा केमिकल कंपनीचा मॅनेजर.

"तुमच्याकडच्या जर्मन बाई आमच्याकडे येऊन बसल्यात," तो म्हणाला. "आम्ही नाश्ता दिला. नवीन पंप दाखवला. आता काय दाखवू?"

सरांनी रिसीव्हर माझ्या हातातून ओढला आणि आमच्या ड्रायव्हरला, जोतीरामला, बोलवायला सांगितलं. जोतीरामचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू येत होता.

"सर, गोरा मानूस हाय ना? गोरा मानूस तलोज्यालाच जातो. मी नेहमी तिथंच सोरतो. बाई पन काय बोलली नाय, खुशीत हाय."

"अरे, बाईला काय माहीत! तिला वाशीला आण! आपल्या विद्यापीठात!"

"आनतो. पन तिनं आत्ताच दुसरा च्या घेतलाय."

हे सत्त्याण्णव सालचं. वाशीतल्या आमच्या टेक्निकल विद्यापीठात तेव्हा नुकताच 'आंतरराष्ट्रीय सहकार्य कक्ष' निघाला होता. म्हणजे सर, मी, स्टोअरच्या मालतीबाई, जोतीराम आणि एक फॅक्स मशीन. आम्ही संशोधन करायचो नाही. आम्ही संशोधनाला मदत करायचो. संशोधनाने ती कधी मागितली नव्हती, हा भाग वेगळा.

संशोधन करत होती मिस्बाह. पनवेलच्या दुकानदार कासिमभाईंची मुलगी, आमच्याकडे पीएचडीला. तिने दोन वर्षं खपून एक डबा बनवला होता. बोटाला चिमटा लावायचा, चिमट्यातला लाल दिवा बोटातून आरपार जायचा, आणि डब्यावर नाडीचा आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा यायचा. असलं मशीन परदेशातून मागवायचं तर मोठ्या हॉस्पिटललाच परवडायचं. मिस्बाहचा डबा खेड्यातल्या दवाखान्यात ठेवता आला असता. चिमटा जर्मनीच्या विद्यापीठाने पाठवलेला, एकुलता एक. डबा आमचा. असं ते सहकार्य.

आणि जर्मनीच्या लॅबमध्ये एक जागा होती. एका वर्षाची. तिथे जाऊन हा डबा पुरा करायचा, मग तो खरोखर दवाखान्यांत जाणार. डॉ. होल्त्सर बाई आज स्वतः बघायला आल्या होत्या. डबा चालला तर जागा मिस्बाहची. नाही चालला तर संध्याकाळच्या विमानाने बाई बेंगलोरला, तिथे दुसरा एक मुलगा दुसरा एक डबा घेऊन बसलेला.

"स्मिताताई, काल चाळीस वेळा चालवला," मिस्बाह मला म्हणाली. "एकदाही चुकला नाही. आता फक्त कोणी हात लावू नका."

हे ती आमच्या कक्षात उभी राहून म्हणत होती, बिचारी.

बाई तळोज्याहून येईस्तोवर वेळ होता. मालतीबाई पदर खोचून उठल्या. "मग पूजा उरकून घेऊ. आज खंडेनवमी आहे, म्हटलं विसरलात की काय सगळे."

खंडेनवमीला अवजारांची पूजा. भेटीची ही तारीख सरांनीच जर्मनीला कळवली होती. 'शुभ दिवस' म्हणून. मालतीबाईंनी लॅबमधली झाडून सगळी हत्यारं एका टेबलावर मांडली. पकडी, सोल्डरिंगची बंदूक, सगळे स्क्रू ड्रायव्हर, मीटर. वर झेंडूची फुलं. आणि मधोमध मिस्बाहचा डबा.

"बाई, डबा नको," मिस्बाह म्हणाली.

"अगं, सगळ्यात मोठं अवजार तेच. त्यालाच वगळू? आज त्याचाच दिवस आहे."

मिस्बाहने माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "श्रद्धेचा विषय आहे. मी काय बोलणार?" मिस्बाहने मग वडिलांकडे पाहिलं. कासिमभाई बायकोला, मरियमचाचींना, घेऊन सकाळपासून येऊन बसले होते, कोऱ्या करकरीत सफारीत.

"होऊ दे गो," कासिमभाई म्हणाले. "दुवा कुठूनपन मिळाली तर घ्यायची. काय टेन्शन घेतेस?"

मालतीबाईंनी डब्याला हळद लावली, कुंकू लावलं. चिमटा उघडून आतल्या काचेलाही एक ठसठशीत बोट लावलं, कारण जीव तिथेच आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. कासिमभाईंना वाटलं, आपण मागे का राहायचं. त्यांनी खिशातून अत्तराची कुपी काढली आणि त्याच काचेवर फाया फिरवला.

"अब्बा!"

"अस्सल आहे, मिस्बाह. कनौजचा."

कुंकू नुसतं असतं तर फुंकरीने उडालं असतं. अत्तरात कालवल्यावर त्याचा लेप झाला. मिस्बाह पुसायला धावणार, तर खालून हॉर्न वाजला. बाई आल्या.

डॉ. होल्त्सर उंच, हसतमुख, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या इंग्रजीत म्हणाल्या, की पंप फारच छान होता. सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि भाषण सुरू केलं. मिस्बाह रुमाल घेऊन टेबलाकडे सरकायची, की सर तिचा खांदा धरून पाहुण्यांकडे वळवायचे. "आणि ही आमची मिस्बाह!" असं तीनदा झालं. मग सरांनी स्वतःच चिमटा उचलून स्वतःच्या बोटाला लावला. "यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम!"

डब्यावर आकडा आला. नाडी शून्य.

सर हसले. मग चिमटा दुसऱ्या बोटाला लावला. शून्य. सरांनी हळूच टायची गाठ सैल केली.

"स्मिता," ते कुजबुजले, "मला सकाळपासूनच जरा..."

"सर, तुम्ही बोलताय. म्हणजे आहात."

"तू डॉक्टर आहेस का?" आणि ते खुर्चीत बसले. घाम फुटला होता. मालतीबाईंनी त्यांना फाइलने वारा घालायला घेतला.

कासिमभाईंनी पुढे होऊन बोट घातलं. शून्य. "बघा, माझापन शून्य," ते सरांना म्हणाले. "दुकान उघडून बसलो की गल्ल्यातपन असंच असतं. घाबरू नका."

मरियमचाची तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला शेवटपर्यंत कळलं नाही. मिस्बाह मात्र भिंतीला टेकून उभी होती, हात सोडून. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

होल्त्सर बाईंनी चिमटा हातात घेतला, उघडला, नाकाजवळ नेला. "गुलाब?" त्यांनी विचारलं. मग काचेवर नखाने खरवडलं, लाल झालेलं नख पाहिलं आणि मिस्बाहला म्हणाल्या, "काच धुवायला लागेल, लेप फटीतही गेलाय. चिमटा खोल. मी थांबते."

मिस्बाह टेबलाकडे झेपावली. मालतीबाई आडव्या आल्या.

"स्क्रू ड्रायव्हर पूजेला बसलाय."

"बाई, एकच. छोटा."

"उद्या दसरा. उद्या सगळे घे. आज अवजाराला हात लावायचा नाही, त्यांना आज विश्रांती आहे. माझ्या सासऱ्यांनी खंडेनवमीला पकड धरली होती, वर्षभर अंगठा वाकडा राहिला."

"मालतीबाई, द्या ना हो," मी म्हटलं.

"तुझ्या जबाबदारीवर?"

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "श्रद्धेचा विषय आहे."

शेवटी होल्त्सर बाईंनी पिशवीतून नखं घासायची कानस काढली. तिची पूजा झालेली नव्हती. मिस्बाहने कानशीच्या टोकाने स्क्रू फिरवले, काच स्पिरिटने धुतली, पुसली, परत धुतली. तिने चिमटा जोडला आणि स्वतःच्या बोटाला लावला.

नाडी एकशे बावीस. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव.

"एकशे बावीस?" कासिमभाई.

"घाबरलेय, अब्बा. बरोबर आहे ते."

सर खुर्चीतून उठून उभे राहिले, एकदम ठणठणीत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. होल्त्सर बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "आता माझं बोट. आमच्या लॅबच्या मशीनमध्ये मी रोज बोट घालते, माझा ऑक्सिजनचा आकडा मला पाठ आहे. तोच इथे आला, की जानेवारीत मिस्बाह आमच्याकडे." फक्त आकडा स्थिर व्हायला एक मिनिट हात हलवायचा नाही, असं मिस्बाहने सांगितलं. बाईंनी मान डोलावली, हात टेबलावर ठेवला, चिमटा लावून घेतला.

आकडा फिरायला लागला. नव्वद. चौऱ्याण्णव. मिस्बाहचे ओठ हलत होते. मरियमचाचींनी माझा हात घट्ट धरला.

दार उघडलं. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, भाऊसाहेब, आत आले. त्यांना दोन कार्यक्रम होते आणि त्यांची गाडी खाली चालूच होती. मागे शिपाई शाल घेऊन.

"सत्कार!" सर कुजबुजले. "सत्कार राहिला!"

"सर, एक मिनिट," मिस्बाह म्हणाली. "सर, प्लीज. अर्धं मिनिट."

"भाऊसाहेब थांबत नसतात," सर म्हणाले आणि मोठ्याने घोषणा केली.

डब्यावर शहाण्णव होतं. बाई म्हणाल्या, "हो, आमच्याकडेही..." भाऊसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. सगळे टाळ्या वाजवायला लागले. बाई सुसंस्कृत होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात जोडून त्यांनी भाऊसाहेबांना नमस्कार केला.

चिमटा बोटालाच होता. वायर आखूड होती. डबा टेबलावरून खाली आला.