तुम्ही आमच्यापैकी नाही

ऑफिसात मला द्वारपाल म्हणतात. कंपनीच्या सगळ्या मेल ज्या सर्व्हरमधून येतात-जातात तो माझ्या ताब्यात, आणि मी कुणाचंच ऐकत नाही, म्हणून. मला त्याचा राग नाही. दाराशी एक खडूस माणूस लागतोच.

दोन वर्षांपूर्वी कुणा भामट्याने साहेबांचा पत्ता लावून बाहेरून अख्ख्या ऑफिसला भलतीसलती पत्रं धाडली होती. तेव्हाच मी नियम करून टाकला. आमच्या कंपनीचा पत्ता लावून ऑफिसबाहेरून मेल आली, की पाठवणारा तोतया समजायचा आणि हाकलायचा. हाकलताना सर्व्हर उलट एक ओळ धाडतो. ती मीच लिहिली होती: ‘तुम्ही आमच्यापैकी नाही.’ लिहून झाल्यावर मी स्वतःवर जाम खूश होतो.

फिरतीवरचे विक्रीवाले कुरकुरले. त्यांना बाहेरून मेल वाचता यायच्या, पाठवता यायच्या नाहीत. मी सांगितलं, “बाहेर असताना वाचा. लिहायचं ते परत आल्यावर लिहा.”

माझी बायको याच कंपनीत. सात वर्षं नकाशांच्या विभागात बसून पुलांची चित्रं काढली, आणि यंदा पहिल्यांदाच तिला खऱ्या पुलाच्या दुरुस्तीवर पाठवलं. तीन महिने. मी नको म्हणालो, ती जाणार म्हणाली, आणि बॅग भरेपर्यंत आमचं भांडण पुरलं.

“फोन नको करूस,” ती दारात म्हणाली. “फोनवर आपण नुसते भांडतो. लिही. लिहिताना तू जरा माणसासारखा वागतोस.”

मी लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. तिसऱ्या वेळी लिहिलं, ‘लिहायचं नसेल तर नको लिहूस, मला काही फरक पडत नाही.’ साफ खोटं. ती घरात नसली की नळ गळतोय हेसुद्धा ऐकू यायला लागतं. तिची चप्पल कोपऱ्यात होती तिथेच ठेवून मी आजूबाजूने झाडू मारत होतो. मला तिची आठवण यायची, आणि येते म्हणून तिचाच राग यायचा.

असा महिना गेला. मग सोमवारी साहेबांनी बोलावलं. “विक्रीवाल्यांना बाहेरून मेल पाठवता आली पाहिजे. या आठवड्यात करा.”

“तोतये शिरतील, साहेब.”

“अहो, आपली माणसं ओळखू येत नसतील तर द्वारपाल कशाला हवा?”

मी धुसफुसत जागेवर आलो. आजवर कोणाकोणाला हाकललं ते पाहावं, म्हणजे त्यांना कळवता येईल, म्हणून सर्व्हरची नोंदवही उघडली. तिच्यात कोणी, कुणाला, किती वाजता एवढंच असतं. मजकूर नसतो. आणि तिथे बायकोचं नाव होतं. कुणाला? मला. ती गेल्यापासून जवळजवळ रोज संध्याकाळी सातच्या सुमारास. रोज तीच ओळ तिच्या तोंडावर मारलेली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. फिरतीवरचे म्हणजे विक्रीवाले, एवढंच माझ्या डोक्यात. माझं माणूस बाहेर आहे हे मला उठता-बसता सलत होतं, पण माझ्याच नियमाच्या बाहेर आहे हे एकदाही सुचलं नाही.

सगळ्यात शेवटची नोंद आठवड्यापूर्वीची होती. मेल वाचायला कोण कधी आलं त्याची वेगळी नोंद असते, तीही पाहिली; त्यानंतर ती वाचायलाही आली नव्हती.

पहिल्यांदा ती ओळ पुसली. मग काम सुरू केलं. फिरतीवरच्यांसाठी सर्व्हरला वेगळं दार काढलं, पाचशे सत्त्याऐंशी नंबरचं. तिथे आधी नाव आणि पासवर्ड सांगायचा, तो जुळला की कुठूनही पाठवा. पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून सगळं बोलणं कुलूपबंद केलं. पासवर्डाशिवाय येणारा तोतया अजूनही बाहेरच. दोन दिवस लागले. बुधवारी दुपारी बायकोला लिहिलं: ‘मेलच्या सेटिंगमध्ये पाठवायचा नंबर पाचशे सत्त्याऐंशी कर. पाठवतानाही पासवर्ड लागतो, त्या चौकटीत खूण कर. चूक माझी आहे.’

पण ती वाचणार कधी? शेवटी मी पुलाच्या ऑफिसला फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, “मॅडम खाली खांबापाशी आहेत. काही निरोप?”

“मेल बघायला सांगा. नवऱ्याने हात जोडून सांगितलंय म्हणा.”

“हात जोडून?” त्याने खात्री करून घेतली.

सात वाजले. सगळे घरी गेले, साहेब तेवढे केबिनमध्ये होते. सात वीसला नोंदवहीत तिचं नाव उमटलं, पुढे ‘पासवर्ड बरोबर’. आणि पत्रं यायला लागली. न गेलेली सगळी पत्रं तिच्या संगणकात रांग लावून बसली होती, ती एकामागून एक सुटली. एकोणीस.

पहिलं: ‘पोचले. भांडले त्याचं वाईट वाटतंय, पण आले त्याचं नाही.’ चौथं: ‘तुझा सर्व्हर म्हणतो मी तुमच्यापैकी नाही. हे तू मुद्दाम लिहिलंस?’ नववं: ‘आज पुलाखालून वर पाहिलं. मी काढलेली रेघ खरंच तिथे आहे. तुला दाखवायचं होतं.’ चौदावं माझ्या त्या तिसऱ्या पत्राला उत्तर होतं, नुसतं ‘बरं’.

एकोणिसावं मागच्या आठवड्यातल्या सोमवारचं होतं. ‘हेही जाणार नाही, तरी लिहिते. रविवारी सुट्टी आहे. सकाळची गाडी धरली तर दुपारी घरी पोचेन. पण तुला मी आलेली हवी आहे का, हे कळल्याशिवाय पाय निघत नाही.’

तो रविवार होऊन तीन दिवस झाले होते. त्या दिवशी मी घरीच होतो. दुपारी जिन्यात पावलं वाजली म्हणून दोनदा दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा शेजारी निघाले.

मी डोळे पुसले आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन चार दिवसांची रजा मागितली.

“आत्ता? बायकोला आणायला चाललात?”

“आणायला नाही,” मी म्हणालो. “तिचा पूल बघायला.”