पक्की जमीन

निळ्या पाकळीच्या टोकाशी रंग जरासा पसरला होता, साच्यात ओततानाच हलला असावा, आणि शरदिनीचा अंगठा पुन्हा पुन्हा तिथेच जात होता — सिमेंटची वीतभर फरशी, मधोमध फूल, चारी कोपऱ्यांत पाव-पाव फूल, म्हणजे चार फरश्या जोडल्या की जोडावरसुद्धा एक अख्खं फूल उमलणार... मिस्त्रीनं मागल्या आठवड्यात तीन नमुने आणून ठेवले होते, चुनारचा गुलाबीसर दगड, चुनारचाच पिवळट दगड, आणि ही कलकत्त्याहून आलेली फुलांची. यांनी विचारलं होतं, "तुला कुठला?" ती म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तो." मग हे म्हणाले, "फूल झिजून जातं. दगड घेऊ." ठरला गुलाबी दगड. नावेतून ब्रह्मा घाटावर उतरलेल्या त्याच्या लांबट लाद्या, पटिया, आता गल्लीत भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि आत रामधनी मिस्त्री दोन गड्यांना घेऊन जुनी मातीची जमीन खणायला लागला होता.

खोली रिकामी करायला वेळ लागला नाही. दोन ट्रंका, देव्हारा, पोथ्यांचं गाठोडं, यांची बाज. सगळं अंगणात मांडल्यावर तिला वाटलं, धर्मशाळेत उतरलेल्या माणसांचंही सामान याहून जास्त असतं. पण ते तसंच असायचं होतं. यज्ञेश्वरशास्त्री, तिचे यजमान, वाईच्या पाठशाळेत व्याकरण शिकवायचे. साठी उलटल्यावर त्यांनी शेत पुतण्यांना दिलं, भांडी वाटून टाकली आणि काशीवास घेतला. यापुढे काशीची सीमा ओलांडायची नाही, देह इथेच ठेवायचा. शरदिनी त्यांची दुसरी पत्नी, तेव्हा तिशीची. तिला देह ठेवायचा नव्हता... ती आली, कारण ते आले. मोगलसराईला गाडी बदलताना त्यांनी तिला पाणी आणून दिलं होतं आणि म्हणाले होते, "आता थोडंच राहिलं." अंतर म्हणाले असतील, की आयुष्य, हे तिनं तेव्हा विचारलं नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली. त्यांच्याबरोबर त्याच वर्षी आलेले नगरचे वैद्य गेले, कोपऱ्यावरच्या खोलीतल्या सांगलीकर आजी गेल्या, एकेक जण गल्लीतून मणिकर्णिकेकडे गेला आणि हे मागे राहिले, खोकत, संध्या करत, जरा ओशाळल्यासारखे. या सगळ्या काळात घरात काही टिकाऊ म्हणून आलं नाही. भिंतीत खुंटी ठोकायला सुतार बोलवू का म्हटलं, की एकच वाक्य — "मरायला आलोय आपण, संसार मांडायला नाही." *आपण.* त्या एका शब्दाशी मी कितीदा येऊन थांबले, चुलीपुढे, घाटाच्या पायऱ्यांवर, ओलं लुगडं पिळताना. आई गेल्याचं कळलं तेव्हाही — हे सीमा ओलांडू शकत नव्हते आणि यांना एकटं टाकून मी जाऊ शकत नव्हते — त्याच पायरीवर बसून मी स्नान केलं आणि घरी येऊन भात लावला.

आणि तेच हे, होळी झाल्यावर एका सकाळी, सारवणाचा पोतेरा तिच्या हातात असताना, म्हणाले होते, "जमीन पक्की करून घेऊ."

तिला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं होतं. मग दिवसभर छातीत काहीतरी हलकं, वेडं हलत राहिलं — यांनी जगायचं ठरवलंय. मरणारा माणूस दगड बसवत नाही! तिनं दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून फळी मारून घेतली. हे बघत होते, पण ते नेहमीचं वाक्य आलं नाही. मग तिनं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, वर्षभर पुरेल एवढं कैरीचं लोणचं घातलं, मोठी बरणी आणून. शेजारचे बिंदुमाधव, ज्यांनी हा मिस्त्री शोधून दिला, ते दारातून हसून म्हणाले, "शास्त्रीबुवा, आता तुम्ही पक्के काशीकर झालात, हां." तेव्हा हेसुद्धा हसले होते. त्या हसण्यावर तिनं पुढचे सगळे दिवस काढले होते.

दुपारपर्यंत जमीन खणून, चोपून झाली. खालची माती काळपट, ओली निघाली. दर चार दिवसांनी दिलेला शेणाचा हात, थरावर थर, पापुद्र्यांसारखा सुटून आला आणि रामधनीनं तो घमेल्यात भरून बाहेर नेऊन टाकला. मग चुना-सुरखीचा मसाला पसरून पहिली पटिया बसली, दुसरी बसली. हे अंगणात बाजेवर बसून दारातून बघत होते. ती पडवीत चुलीपाशी भाकरी थापत होती.

"मिस्त्री," यांचा आवाज आला, त्यांच्या त्या पोथीतल्यासारख्या हिंदीत, "यह कितने बरस चलेगा?"

"अरे पंडितजी, चुनार का पत्थर है. नाती-पोते चलेंगे इस पर."

थापीचा आवाज पुन्हा सुरू झाला. नातवंडं चालायला आधी... पण तो विचार तिनं फार वर्षांपूर्वी संपवला होता.

"चालीस बरस?" यांनी विचारलं.

"चालीस तो आराम से."

"अच्छा," हे म्हणाले. "अच्छा. फिर ठीक है."

भाकरी तव्यावर होती. तिच्या कडेला फोड आला, फुगला, काळा पडला आणि ती बघत राहिली. चाळीस कशाला? हे पंचाहत्तरीला टेकलेले. चाळीस वर्षं कुणाची... आणि मग ते समजलं, मोठा काही धक्का न बसता, जिना उतरताना एक पायरी जास्त धरावी आणि पाय जमिनीलाच लागावा तसं. यांनी जगायचं ठरवलं नव्हतं. यांनी तिचं उरलेलं आयुष्य मोजलं होतं. यांची सावत्र आई सोवळी होऊन ऐंशी वर्षांची होईपर्यंत सारवत होती, गुडघ्यांवर, रांगत. ती यांना आठवली असणार.

भाकरी उतरवून ती अंगणात आली. हात पिठाचे होते.

"चाळीस वर्षं कुणासाठी विचारलीत?"

त्यांनी वर पाहिलं. चोरी पकडल्यासारखं नव्हे. उलट, बरं झालं विचारलंस, असं.

"तुझे गुडघे दुखतात आताशा," ते म्हणाले. "पुढे करायला कोण आहे? दगड असला म्हणजे ओल्या फडक्यानं पुसलं, झालं."

"मी इथेच राहीन, असं कुणी सांगितलं?"

हे आपण बोललो, हे तिला स्वतःच्याच आवाजावरून कळलं. आत थापी थांबली होती. रामधनीला मराठी कळत नसेल, पण थांबणं कळत असेल.

"मग कुठे जाशील?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, त्यांच्या डोळ्यांत नुसतं आश्चर्य होतं, म्हाताऱ्या माणसाचं, स्वच्छ.

कुठे... माहेरी. वाईला, कृष्णेकाठी. हे झाल्यावर — *हे* म्हणजे काय ते तिनं मनातसुद्धा कधी उच्चारलं नाही, त्या जागी नेहमी एक काळोखा ठिपका ठेवला — हे झाल्यावर मी परत जाईन, असं एक वाक्य घेऊन ती इतकी वर्षं घाट चढत-उतरत होती. त्या वाक्याला यांचं मरण लागत होतं. म्हणून ते कुणाला सांगता येत नव्हतं, देवालाही नाही. आणि आता तिथे आई नाही, भाऊ नाही, भावजयीनं मागल्या दिवाळीला साधी खुशालीसुद्धा विचारली नाही. तरी जायचं होतं.

"कुठे नाही," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मी तुला विचारलंच नाही, नाही का?" आणि दाराकडे बघत, "थांबवू का त्याला? अजून अर्धीच झालीय."

आतून रामधनीनं हाक दिली, "माईजी, मसाला सूख रहा है. अगली पटिया रखूँ?"

ती दारात जाऊन उभी राहिली. अर्धी खोली गुलाबी, ओली, सपाट. अर्धी उघडी माती. उंबऱ्यापलीकडे पुढची पटिया तिरकी धरून दोघे गडी तिच्याकडे बघत होते. ओझं होतं त्यांच्या हातांत. मागे हेही वाट बघत होते, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. नको म्हटलं असतं, तर यांनी खरोखर थांबवलं असतं. एवढं तिला मागे न बघताही कळत होतं.

"रखो," ती म्हणाली.

का म्हणाली? गड्यांचे हात भरून आले होते म्हणून, की भाकऱ्या व्हायच्या होत्या म्हणून... मला अजून सांगता येणार नाही.

ऊन कलल्यावर काम संपलं. दोन दिवस आत पाय ठेवायचा नाही, असं सांगून मिस्त्री गेला. दोघं अंगणात जेवली, मग तशीच बसून राहिली, ते बाजेवर, ती खाली भिंतीला टेकून. उघड्या दारातून नवी जमीन दिसत होती, आणि नको नको म्हणताना शरदिनीला त्या जमिनीवर एक बाई दिसली, कपाळ मोकळं, वाकून फडक्यानं पुसणारी, कोपऱ्यात बाज नसलेली खोली... हे हाताच्या अंतरावर श्वास घेत बसले होते आणि ती त्यांच्याशिवायची खोली बघत होती. तिनं मान फिरवली.

"तुमच्या घरी," ते अचानक म्हणाले, "वाईला, जमीन कसली होती? मी कधी नीट पाहिलीच नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. तिच्या ओठांशी सगळं एकदम आलं. ओसरीवरचा तो कातळ, बाबांच्या बसण्यानं गुळगुळीत झालेला, उन्हाळ्यात त्यावर गाल टेकून झोपायचं, नदीचा वास दगडातून आल्यासारखा यायचा, आणि लुगडं वर खोचून धुताना आई म्हणायची... ती बोलायला लागली असती तर अंधार पडेपर्यंत पुरलं असतं. ते ऐकतील, हेही दिसत होतं. पुढे झुकून, कानामागे हात धरून बसले होते ते.

"दगडाचीच," ती म्हणाली. "काळ्या."

"काळा चांगला. तोही टिकतो," ते म्हणाले आणि वाट बघत राहिले.

ती पुढे काही बोलली नाही. राग आला नव्हता, किंवा आला होता तो मघाशीच, माती खणली जात असताना कधीतरी निघून गेला होता. फक्त एवढं होतं की सांगितलं तर तेही इथलं होईल, या खोलीतलं, यांचं. आणि नाही सांगितलं तर हे माणूस ते न ऐकताच जाईल, आणि मग विचारणारं कुणी उरणार नाही. दोन्ही तिला दिसत होतं. त्यांचा हात अजून कानामागेच होता. तो खाली येईपर्यंत ती त्याच्याकडे बघत बसली.