दत्तोपंत डॉक्टरांचे टेबल

मी एक जुने सागवानी टेबल आहे. पण माझ्यावर कधी कोणी जेवले नाही, की वही ठेवून गणिते सोडवली नाहीत. मित्रांनो, माझ्यावर कुत्री आणि मांजरे उभी राहिली. बहुतेक थरथरतच उभी राहिली.

१९६७ साली रुपराव सुताराने मला घडवले. दत्तोपंत डॉक्टर सरकारी जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाले होते. उभा जन्म त्यांनी गाई-बैल तपासले. आता नागपूरच्या धंतोलीतल्या आपल्या घराच्या पडवीत त्यांना कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढायचा होता. रुपराव रंधा मारता मारता हसला.

"डाक्टरसाहेब, कुत्र्यासाठी सागवान काहून? साधं लाकूड चालते ना."

"घाबरलेलं जनावर टेबल हललं की आणखी घाबरतं, रुपराव. हे हलता कामा नये."

रुपरावने माझे पाय चांगले जाड ठेवले आणि वर जस्ताचा पत्रा ठोकला. मी आजही हलत नाही.

दत्तोपंतांची तपासायची रीत निराळी होती. जनावराला हात लावण्याआधी ते माणसाला विचारत. काय खातो? कुठे झोपतो? पाणी किती पितो? घरातले कोणी गावाला गेले आहे का? लोक वैतागत. खाजवून खाजवून रक्त काढणाऱ्या एका कुत्र्याच्या मालकाला त्यांनी मलम दिले, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ सांगितली आणि वर बजावले, "त्याचं ओलं पोतं बदला. नवं पोतं रोज उन्हात टाका. आणि जिलेबी बंद." दुसरा एक कुत्रा जेवेनासा झाला होता. त्याला काहीच आजार नव्हता. घरातली मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती, एवढेच. त्याला औषध मिळाले नाही. रोज संध्याकाळी मुलीच्या वडिलांनी स्वतः फिरायला न्यावे, असे ठरले.

त्यांचा कंपाउंडर कवडू. हुडकेश्वर तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते. तिथून तो सायकलने येई. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि झाडपाल्याचा जाणकार. एकदा जखमेत अळ्या पडलेला कुत्रा आला, तेव्हा त्याने सीताफळीचा पाला वाटून लावला. अळ्या भराभर बाहेर आल्या. दत्तोपंत चष्मा सावरून बघत राहिले. मग त्यांनी जखम नीट धुतली, औषध भरले आणि म्हणाले, "कवडू, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही."

त्या दिवसापासून कवडूची मान ताठ झाली. लोक पडवीत येण्याऐवजी त्याला रस्त्यातच गाठू लागले. तोही सायकलवरून एक पाय टेकवून उपाय सांगू लागला. बहुतेक वेळा गुण येई. मलाही त्याचे कौतुक वाटे.

१९७४ च्या मे महिन्यात, भर दुपारी, रंभाबाई गुलीला घेऊन आल्या. रंभाबाई मागच्या गल्लीत एकट्या राहात. गुली म्हणजे त्यांची आठ वर्षांची तांबूस कुत्री. चौघांच्या मदतीने तिला माझ्यावर ठेवले, तर ती उभीच राहीना. पोट टम्म फुगलेले. डोळे आत गेलेले.

"कधीपासून?" दत्तोपंतांनी विचारले.

"चार रोज झाले. काही खातच नाही. पानी मात्र लय पेते, बादली रिकामी करते."

"माजावर कधी आली होती?"

"झाला असन दीड महिना."

दत्तोपंतांनी पोट हलकेच चाचपले. त्यांचा चेहरा बदलला. "आत्तापर्यंत काय दिलंत हिला?"

रंभाबाईंनी कवडूकडे पाहिले. कवडू जमिनीकडे बघत होता.

"डाक्टरसाहेब," शेवटी तोच बोलला, "मीच सांगतलं बाईले. रस्त्यात भेटल्या होत्या. पोट फुगलं म्हनाल्या, मले वाटलं गॅस हाय. ओव्याचं पानी द्या म्हनलो."

"किती दिवस?"

"तीन."

दत्तोपंत रागावले नाहीत. त्यांनी सांगितले की गुलीच्या गर्भाशयात पू झाला आहे. आज पिशवी काढली नाही तर उद्यापर्यंत ती जगणार नाही.

रंभाबाईंनी गुलीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. "चिरफाड नोको. तुमी पाल्यानं बरं करता, म्हनून तं आली मी."

"बाई, पाला माझ्याकडे आहे. या आजाराचा नाही."

"वाचन का पन?"

"खात्री देत नाही. केलं तर आशा आहे."

कवडू पुढे आला. "बाई, चूक माही हाय. करू द्या साहेबाले."

रंभाबाईंनी हात काढले आणि त्या बाहेर पायरीवर जाऊन बसल्या.

भूल द्यायचे ईथर चटकन पेट घेते, म्हणून पंखा आणि स्टोव्ह बंद ठेवले. नागपूरचा मे महिना. माझा पत्रासुद्धा तापला होता. कवडूने गुलीच्या तोंडावर ईथरचा कापूस धरला. त्याची नजर तिच्या श्वासावरून एकदाही हलली नाही. दत्तोपंतांच्या कपाळावरचा घाम माझ्या कडेवर टपकत होता. पुवाने भरलेली पिशवी बाहेर निघाली, तेव्हा ती त्यांच्या मनगटाएवढी जाड होती. मध्येच गुलीचा श्वास थांबला. कवडूने कापूस फेकला, तिची जीभ बाहेर ओढली आणि बरगड्या दाबू लागला. किती वेळ गेला, मला सांगता येत नाही. मग माझ्या पत्र्यावर तिच्या छातीचा धक्का जाणवला. एक. मग दुसरा.

गुली वाचली. पुढचे दहा दिवस कवडू रोज रंभाबाईंच्या घरी गेला. डॉक्टरांनी दिलेली औषधे त्याने वेळेवर दिली, भाताची पेज चमच्याने पाजली, जखम पुसली. तिने टाके चाटू नयेत म्हणून रंभाबाईंच्या जुन्या लुगड्याचा अंगरखा शिवून घातला. त्या दहा दिवसांत रंभाबाई त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. टाके काढायच्या दिवशी, गुली माझ्यावर स्वतःच्या पायांवर उभी असताना, बोलल्या.

"तुले माहीत नव्हतं, तं माहीत नाही म्हनाचं ना गा, कवडूभाऊ. मी काय तुले हासली असती?"

कवडूने मान हलवली. पुढे रस्त्यात कोणी थांबवले, की तो सायकलवरून उतरायचा आणि म्हणायचा, "मले माहीत नाही. आधी साहेबाले दाखवा." त्याचा पाला बंद झाला नाही. पण तो साहेबांनी तपासल्यावरच निघे.

१९८४ साली दत्तोपंतांचे हात कापू लागले आणि दवाखाना बंद झाला. आता माझ्यावर रद्दी आणि रिकाम्या कुंड्या असतात. पत्रा काळा पडला आहे. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू?

पण मित्रांनो, तुमचे मांजर जेवेनासे झाले, कुत्रा कोपऱ्यात जाऊन बसला, तर वाट बघत बसू नका. त्याचे खाणे, पाणी, झोप, सगळे आठवून डॉक्टरांना सांगा. घरी काय दिले तेही लपवू नका. आणि तुम्हाला कोणी उपाय विचारला, तो ठाऊक नसला, तर तसे सांगून टाका. कवडूला ते तीन शब्द फार जड गेले. पण ते शिकल्यानंतर त्याच्यामुळे एकही जनावर माझ्यापर्यंत उशिरा आले नाही.