टपालपेटीखालचा अग्निबाण

मित्रांनो, रस्त्यावरची पोरं मला खांब म्हणतात. म्हणू देत. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, डेझी कुटुंबाच्या अंगणात, डोक्यावर टपालपेटी घेऊन उभे असलेले हे गंजके नळकांडे म्हणजे मी, एक जुना अग्निबाण आहे. "वर गेला आणि धपकन पडला" असे म्हणून हसणाऱ्यांसाठीच मी आज बोलतो आहे.

माझ्या पोटात रबरासारखे घट्ट इंधन होते. एकदा पेटले की विझवणे नाही. शेंड्यात सोडियमची डबी. फुगे आणि विमाने पोचत नाहीत तिथे तिने नारिंगी धूर सोडायचा, आणि धूर कुठे वाहतो ते पाहून तिथला वारा ओळखायचा. लोरेन मर्सर या संशोधक बाईंनी उमेदीची वर्षे यात घातली होती.

तो धूर दिसायला खाली अंधार आणि वर ऊन लागे, म्हणून दिवस मावळतानाच उडायचे. पण रोज संध्याकाळी ढग आडवे येत. शेवटी वरिष्ठांनी बजावले, आज उडाला नाही तर भंगारात. त्या संध्याकाळी आकाश धुतल्यासारखे होते आणि थंडी हाडे फोडणारी. नेमकी तेव्हाच मला गुंडाळलेली विजेची घोंगडी बंद पडली. थंडीने इंधन कडक होते, त्याला तडा जातो. तडा गेलेला अग्निबाण जागीच फुटतो.

"बाई, सोडून द्या," उड्डाणतळाचा मुकादम होबार्ट डेझी म्हणाला. "गारठला हा."

बाळाचे तळपाय चाचपावेत तसा लोरेनने माझ्या अंगाला हात लावला. "अजून नाही." तिने स्वतःचा कोट काढून मला गुंडाळला.

"सूर्य बुडेपर्यंत थांबायचंय. तोवर तुम्हीच गोठाल."

"मग तुमचाही काढा."

कामगारांचे कोट आले. तरी शेपटाकडे उघडा राहिलोच. होबार्ट कुरकुरत गाडीकडे गेला आणि एक लहानशी गोधडी घेऊन आला. "बाळाची आहे. बायकोला, डेल्माला कळलं, तर उद्या याच्या जागी मला उडवा."

अंधारू लागताच त्यांनी सगळी पांघरुणे काढली आणि मला पेटवले. मी फुटलो नाही. समुद्रावर नारिंगी रेघ उमटली आणि बघता बघता पिळवटली.

"होबार्ट, तिथेही वारे आहेत," लोरेन म्हणाली. "एक इकडे, दुसरा उलट दिशेला."

"आमच्या घरी रोजच असतात."

मी समुद्रात पडलो. लोरेनच्या वाऱ्यांचे कौतुक झाले, माझी आठवण कुणी काढली नाही. कित्येक वर्षांनी एका कोळ्याच्या जाळ्यात लागलो. होबार्टने ओळखले आणि घरी आणले.

शेजारी हसला, "वर टिकला नाही, तो पेटी काय धरणार?"

टपालपेटी ठोकता ठोकता डेल्मा म्हणाली, "तो पडला नाही. काम उरकून घरी आलाय. जाण्याआधी माझ्या बाळाची गोधडी पांघरली होती याने, तिचा तेलाचा वास आजवर गेला नाही."

मित्रांनो, मी वर राहायला गेलोच नव्हतो. बघायला गेलो होतो, आणि सांगितले. हसायचे तर खुशाल हसा. मी गंजेन, वाकणार नाही. मात्र कुणाला दूर पाठवणार असाल, तर आधी त्याच्या अंगाला हात लावून बघा. गार लागला, तर घरात असेल ते पांघरूण त्याच्यावर घाला.