कानातला वटवट्या

सिंगापूरला शरद ऋतू नाही. हेमंत आणि शिशिरही नाहीत. इथे ऋतू दोनच, उकाडा आणि पावसातला उकाडा. तरीही सप्टेंबर उजाडला की आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपवर सणासुदीची धांदल सुरू होते. सैबेरियातून सोनचिखल्या आला, कुरव आला, खाटीक आला, अशा वर्द्या येऊ लागतात आणि मंडळी रविवारी सकाळी सुंगेई बुलोहच्या खारफुटीत घामाने निथळत उभी राहून एकमेकांना सांगतात, की हिवाळा आला बरं का.

या शहाण्या मंडळींत मी कसा शिरलो ते सांगतो. मी पद्माकर, बोटीवरचा चीफ इंजिनीअर. उभी हयात समुद्रावर गेली, पण पक्षी म्हणाल तर फक्त ताटात पाहिला. डेकवरचे लोक सांगायचे, दमलेल्या पाकोळ्या येऊन रेलिंगवर बसतात म्हणून. आम्ही खाली इंजिन रूममध्ये, आमचा सूर्य म्हणजे ट्यूबलाइट. यंदा जूनमध्ये बोट सोडली आणि इथेच किनाऱ्यावरची नोकरी धरली. चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये बायको आणि मुलगी इतकी वर्षं माझ्याशिवाय सुखात होत्या. पहिल्याच महिन्यात मी मिसळणाच्या डब्यातल्या वाट्यांना लेबलं लावली, स्वयंपाकघरातला पंखा उघडून ठेवला आणि कुकरची शिट्टी किती दाबाला होते ते तपासायला घेतलं.

"अहो, हे घर आहे, बोट नाही," विनीता म्हणाली. "रविवारी अवनी पक्षी बघायला जाते ना, तिच्याबरोबर जा. तिकडे काय उघडायचं ते उघडा."

मी निमूट गेलो, कारण मला जायचंच होतं. अवनी सतरा वर्षांची. तिचं पहिलं पाऊल, पहिली शाळा, पहिला चष्मा, सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही बोट बंदरात असली आणि सिग्नल मिळाला तर. सुट्टीवर घरी आलो की ती मला पाणी आणून द्यायची आणि बाजूला उभी राहायची, पाहुण्यांपुढे मुलं राहतात तशी. आता ती ज्युनिअर कॉलेजात आहे, थोड्याच दिवसांत शिकायला कुठेतरी निघून जाईल. तेव्हा पक्ष्यांशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं. मुलगी मला बरोबर नेते, तेवढं टिकायला हवं होतं.

पण पहिल्याच रविवारी माशी शिंकली. ग्रुपचा म्होरक्या क्षितिज, वन-नॉर्थ भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मूळचा पुण्याचा, त्यामुळे नियमांचा पक्का. त्याने बोट वर केलं. सगळे स्तब्ध झाले. "ऐकलं?" त्याने विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला फक्त माझ्या पोटातली गुरगुर ऐकू आली.

आमच्या वेळी इंजिन रूममध्ये कानांवर मफ लावणारा माणूस नाजूक समजला जायचा. मी तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवून मूठ कानाला लावायचो आणि कुठलं बेअरिंग रडतंय ते अचूक सांगायचो. त्या शौर्याचं फळ आता मिळालं होतं. जाडेभरडे आवाज शिल्लक होते, बारीक तेवढे सगळे गेले होते. घरी हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण आमच्याकडे टीव्हीचा आणि विनीताचा, दोन्ही आवाज चढेच असतात.

मला धडकीच भरली. पक्षी बघायला जातात म्हणतात, पण खरं तर ऐकायलाच जातात. झाडीत दिसतंय काय? आणि या लोकांचा रिवाज असा, की नुसता ऐकलेला पक्षीही पाहिल्याइतकाच धरतात. इथे बहिऱ्या बापाला कोण बरोबर नेणार? "बाबा, यू स्टे होम लाह," असं अवनी इथल्या लाहवाल्या इंग्रजीत एकदा म्हणाली की संपलंच. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून मी एक युक्ती काढली. सगळ्यांच्या माना जिकडे वळतील तिकडे आपणही वळायचं, डोळे मिटायचे, आणि गाण्याच्या मैफलीत समेवर देतात तशी हलकीशी दाद द्यायची. चालताना मागून कुणी काही पुटपुटल्यासारखं वाटलं, तर नुसतं 'हं' म्हणायचं. दोन-तीन रविवारांत माझं नाव झालं. क्षितिज म्हणाला, "काका, तुम्ही डोळे मिटता ना, तेव्हाच कळतं की ऐकणारा माणूस आहे." मी नम्रपणे हसलो. नम्रपणा मला फार चांगला जमतो, विशेषतः हक्क नसताना.

ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मात्र चमत्कार झाला. वारा पडला होता, सगळे गप्प होते, आणि मला खरोखर ऐकू आलं. बारीक, एकसुरी, न थांबणारी शिट्टी. कुणाकडेही न बघता, माझ्या स्वतःच्या कानांनी! मी आनंदाने ओरडलोच, "त्या गवतात! ऐका!"

मंडळी गोठली. क्षितिजने मला आवाजाचं वर्णन विचारलं, फोनवरची ध्वनिमुद्रणं चाळली आणि त्याचा चेहरा पालटला. म्हणाला, असा एकसुरी आवाज काढणारा एक वटवट्या उत्तरेकडून कधीमधी इथे येतो, गवतात दडून राहतो आणि हिवाळ्यात सहसा तोंड उघडत नाही. असा पक्षी कुणा भाग्यवंतालाच ऐकू यायचा. आम्ही भर उन्हात गवताकडे टक लावून उभे राहिलो. थोड्या वेळाने एक गृहस्थ पुटपुटले, "हो, अगदी पुसट येतोय." मग एका बाईंना आला. मग सगळ्यांनाच येऊ लागला. इतके दिवस मी खोटं बोलत होतो आणि लोक खरं ऐकत होते. आज मी खरं बोलत होतो तर लोक खोटं ऐकत होते. एकटी अवनी गवताकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

पुढच्या रविवारी पार बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या मरीन परेडपासून माणसं आली. तोफेएवढ्या लेन्स, तिकाट्या, पाण्याचे थर्मास. मला पुढे घालून सगळी वरात निघाली. वारा पडला आणि पक्षी पुन्हा सुरू झाला. मी गवताकडे बोट केलं. पण गंमत अशी, की पुलावर गेलो तरी तो तेवढाच जवळ. पक्षी बघायच्या मनोऱ्यावर चढलो तरी तेवढाच. मला शंका आली. पोटाचं निमित्त करून मी टॉयलेट गाठलं, दार लावलं, आणि फरशीच्या चार भिंतींत उभा राहिलो. तिथेही वटवट्या एकसुरात गात होता.

माझ्या कानातच होता तो. किती वर्षं मुक्काम ठोकून होता कोण जाणे. बोटीवर इंजिनाखाली दबलेला, घरी एसीखाली, आणि आता खारफुटीतल्या शांततेत उघडा पडला होता. मी आरशात स्वतःला पाहिलं. दुर्लभ पक्षी शोधायला आलेली माणसं बाहेर तळपत्या उन्हात उभी होती आणि पक्ष्याचं घरटं इथे हात धूत होतं. एवढं हसं आयुष्यात झालं नव्हतं, आणि ते अजून कुणाला कळलंही नव्हतं.

बाहेर आलो तर लेन्सवाले पांगत होते. अवनीने त्यांना बेधडक सांगितलं होतं, "अंकल, इट फ्लू ऑफ ऑलरेडी लाह." आम्ही क्रांजीच्या बसच्या थांब्यावर आलो. बाकावर बसल्यावर तिने माझ्याकडे तोंड केलं आणि नीट, सावकाश विचारलं, "बाबा, तो पक्षी तुझ्या कानात आहे ना?"

मी मान खाली घातली.

"आय न्यू सिन्स ऑगस्ट," ती म्हणाली. "तू दाद दिल्यासारखं डोकं हलवतोस. पक्षी थांबला तरी हलवतोस."

"मग बोलली का नाहीस?"

तिने खांदे उडवले. "नेव्हर माइंड लाह. तू चालतोस मला."

तू चालतोस मला! चीफ इंजिनीअरच्या प्रमोशनच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. मुलीने बहिऱ्या बापाला पदरात घेतलं होतं. आता आपणही तिच्यासाठी काहीतरी करायला हवं, असं माझ्या डोक्यात आलं, आणि माझ्या डोक्यात काही आलं की घरात काहीतरी बिघडतं, हे मी विसरलो. गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे गेलो, तपासण्या केल्या आणि दोन्ही कानांची यंत्रं करून घेतली. चांगलीच महाग. विनीताने ती पाहिली आणि म्हणाली, "आता निदान मला ओरडावं लागणार नाही," हेसुद्धा ओरडूनच.

नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारी मी ती लावून गेलो. अवनीला सांगितलं नव्हतं, थेट दाखवून चकित करणार होतो. काय सांगू, पानावर पडलेला थेंब ऐकू आला. चिखलातला खेकडा ऐकू आला. डोक्यावरच्या फांदीत कुणीतरी "झिक, झिक" केलं आणि तो खराखुरा उत्तरेकडचा वटवट्या होता, झाडावर होता, माझ्या आत नव्हता. माझे डोळे भरून आले, उगीच कशाला लपवू.

मंडळी पुढे निघून गेली होती. लाकडी वाट अरुंद, एकामागे एक चालायची. मी पुढे, अवनी मागे. तेवढ्यात पाठीमागून हळू आवाज आला, "बाबा, काल ना मी..."

मी गर्रकन वळलो. "काय म्हणालीस? बोल, बोल! आता सगळं ऐकू येतं मला!" आणि केस बाजूला करून दोन्ही कान दाखवले, एखादं मेडल दाखवावं तसे.

तिचा चेहरा उतरला. "ओह," ती म्हणाली. "नाइस." आणि गप्प झाली. पूल ओलांडला, मनोरा मागे पडला, तरी गप्प. मी थांबलो आणि विचारलं, काय चुकलं माझं?

ती कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडू लागली. "मी तुझ्या मागून बोलायचे," ती म्हणाली. "एव्हरी संडे. सगळं सांगायचे. कॉलेजचं, आईचं, तू नव्हतास तेव्हाचं. तू 'हं, हं' म्हणायचास. राग नाही, सल्ला नाही. तू बोटीवर असतानाही मी तुझ्याशी असंच बोलायचे, फोन कट झाल्यावर." मग म्हणाली, "आता तू ऐकशील. मग मला नाही येणार बोलता."

मला हुंदका आला. तो दडवायला मी दुर्बीण डोळ्यांना लावली, तीही उलटी. इतक्या वर्षांचं बोलणं या पोरीने कट झालेल्या फोनमध्ये ओतलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. विचारावंसं वाटत होतं, एकेक गोष्ट. आज कान होते, आणि आजच ती गप्प होती.

मी दोन्ही यंत्रं काढली आणि खिशात टाकली. पानं, खेकडे, पक्षी, सगळं बंद झालं. तिच्याकडे पाठ केली आणि चालू लागलो. थोड्या वेळाने तिची सावली माझ्या सावलीच्या बाजूला आली. सावलीतले तिचे हात हलत होते, आधी थोडे, मग जोरजोरात.

मी पुढेच बघत राहिलो आणि म्हणालो, "हं."