रिन्कोन की एस्किना?

ज्याची हयात प्रुफं तपासण्यात गेली, त्याच्या तोंडून चुकीचा शब्द निघणं म्हणजे महापाप! छापखान्यात त्यांना सगळे 'काना-मात्रा' म्हणत. शंका आली की तळहात उंच करून छपाई थांबवायचे. निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही.

लेक परदेशात वारली. मागे जावई आणि एवढीशी नात. नातीला फक्त स्पॅनिश येई, म्हणून या वयात काना-मात्रा स्पॅनिश शिकले. दर रविवारी व्हिडिओ कॉल. पण आई गेल्यापासून पोरीने तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. "बाबा, ती रडत पण नाही," लेकीने शिकवलेल्या मोडक्या मराठीत जावई सांगे.

त्या रविवारी तिने आपणहून विचारलं, "लहानपणी आई कुठे झोपायची?"

आजोबांच्या काळजाचं पाणी झालं. त्या कोपऱ्यात, खिडकीखाली! पण स्पॅनिशमध्ये कोपऱ्याला शब्द दोन. आतला तो रिन्कोन, बाहेरचा तो एस्किना. खोलीतला म्हणजे रिन्कोनच की! पण मेली शंका आलीच. खाटेची उशाकडची बाजू भिंतीच्या पुढे आलेल्या कडेला टेकलेली, मग तो बाहेरचा नाही का? सवयीने तळहात वर गेला आणि त्यांनी शब्दकोश उघडला.

मान वर केली तर पडद्यावर नातीची खुर्ची रिकामी.

"आजोबा रागावले म्हणते," जावई म्हणाला. "तुम्ही हात वर केला ना? आईचं विचारायचं नाही, असं वाटलं तिला."

"अरे नाही रे बाबा! बोलाव तिला!"

"नाही येत. दार लावलं तिने."

पुढच्या रविवारी ती आली, शाळेतलं काहीबाही बोलली. आजोबांनी घोकलेलं वाक्य धडाधड म्हटलं, तुझी आई त्या कोपऱ्यात झोपायची. एकही चूक नव्हती. बैल गेला नि झोपा केला! पोरीने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले. जावयाने फोन बंद केला.

आजीला स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं. "अहो, असं काय विचारलं होतं पोरीने?" ती आठवडाभर विचारत होती. लाजेपोटी त्यांनी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

आजीने खिडकीखालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"अहो, मग फोन तिकडे वळवायचा होता! खाट अजून तिथेच आहे की हो!"